गंधाराचं देणं

हृदयाच्या झडपांचे बारीक आवाज ओळखायला तुम्ही कुणाकडून शिकलात, असं माझे विद्यार्थी कधीकधी विचारतात. मी आमच्या मेडिसिनच्या सरांचं नाव सांगते. ते खरंही आहे, पण तेवढ्यावर हिशेब पुरा होत नाही. माझ्या कानावर आणखी एका माणसाचं ऋण आहे. ते मिरजेतले एक सतारमेकर होते. शाळा चौथीत सुटलेली, स्टेथोस्कोप कधी कानाला न लावलेला, आणि तरी ऐकणं म्हणजे काय हे मला त्यांच्याइतकं स्वच्छ कुणी सांगितलं नाही. गल्लीतली सगळी पोरं त्यांना चाचा म्हणायची, म्हणून मीही. ते होते तोवर हे त्यांना मी तोंडाने सांगितलं होतं. चारचौघांत मात्र कधी बोलले नव्हते. ते आज लिहिते आहे.

मिरजेला लांबलांबून माणसं येतात ती दोन कामांसाठी. एक दुखणं दाखवायला आणि दुसरं वाद्य घ्यायला. डॉक्टर वानलेस यांनी 1894 साली इथे इस्पितळ उभं केलं आणि तेव्हापासून आजारी माणसाला गाडीत घालून मिरजेला आणायचं, ही आमच्या भागाची रीतच झाली. 1962 मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज आलं. मिरज जंक्शन असल्यामुळे कर्नाटकातून येणारे रुग्णही पुष्कळ. वॉर्डात निम्मी हिस्ट्री कन्नडमध्ये घ्यावी लागायची. वाद्यांची गोष्ट याहूनही जुनी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इथले फरीदसाहेब शिकलगार हत्यारांना धार लावायचे. राज्य इंग्रजांचं झालं, तलवारी-भाल्यांचं काम आटलं, आणि फरीदसाहेबांचा हात तंतुवाद्यांकडे वळला. संस्थानिकांचा आश्रय मिळाला. आज मिरजेत ज्यांना सतारमेकर म्हणतात त्यांच्यातली बरीच घरं मूळची शिकलगारांची. पोलादाची धार ओळखणारी बोटं तारांखालच्या घोडीचा उतार घासू लागली. एवढा मोठा बदल एका घराण्याने पचवला, याचं मला अजूनही नवल वाटतं.

मी जत तालुक्यातल्या एका खेड्यातून आलेली. वडील प्राथमिक शिक्षक. घरात गाणं म्हणजे सकाळची आकाशवाणी आणि भजनाला आलेली पेटी, एवढंच. दुसऱ्या वर्षाला होस्टेलची खोली मिळाली नाही तेव्हा सतारमेकर गल्लीच्या तोंडाशी एका घरात वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहू लागले. खालीच चाचांचं दुकान होतं. दुकान म्हणायचं, पण खरं म्हणजे तो कारखाना. छताला टांगलेले वाळके भोपळे, भिंतीला टेकवलेल्या तुणीच्या लाकडाच्या दांड्या, चपड्याचा आणि सरसाचा वास. भोपळे यायचे भीमेकाठच्या शेतांतून, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. कडू जातीचे, म्हणून त्यांना कीड लागत नाही. चाचा भोपळ्यावर टिचकी मारून तो पुरुषाच्या तंबोऱ्याचा की बाईच्या, हे बाजूला काढून ठेवायचे. दोन्हींची पट्टी वेगळी, म्हणून घेरही वेगळा.

वीज गेली की माझ्या खोलीत वाचता यायचं नाही. चाचांच्या कारखान्यात पेट्रोमॅक्स असायची. पहिल्यांदा मी पुस्तक घेऊन पायरीवर बसले तेव्हा त्यांनी काही विचारलं नाही. दांडीचा भुसा झटकला, एक गोणपाट घडी करून पुढे टाकलं आणि म्हणाले, "आत बस बेटा, पायरीवर डास आहेत." पुढे ती माझी रोजचीच जागा झाली. चाची मधल्या दारातून चहा सरकवायच्या. मी पॅथॉलॉजी वाचायची, चाचा जवारी काढायचे.

जवारीचं काम रात्री, रहदारी थांबल्यावर. तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा सपाट दिसतो, पण सपाट नसतो. त्याला अगदी थोडा उतार असतो. छेडलेली तार त्या उतारावर घासत थरथरते आणि तिच्या पोटातले वरचे स्वर जागे होतात. उतार कुठे किती ठेवायचा, हे कानस आणि कान मिळून ठरवतात. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागा सरकवायचा. धागा केसभर पुढे गेला तरी आवाज बंद होतो, केसभर मागे आला तरी पसरतो. चाचा धागा हलवायचे, तार छेडायचे, डोळे मिटून थांबायचे आणि पुन्हा धागा हलवायचे. एकेका तारेला कितीही वेळ लागला तरी चालायचा. गिऱ्हाईक सकाळच्या गाडीने धारवाडला जाणार असलं तरी ते घाई करायचे नाहीत.

एका रात्री मी त्यांना विचारलं, "चाचा, तुम्ही नक्की काय ऐकता?"

"तूच ऐक." त्यांनी तंबोरा माझ्याकडे तोंड करून धरला आणि चारही तारा सावकाश छेडल्या. पंचम, जोडी, खर्ज. "किती सूर ऐकू आले?"

"दोन. षड्ज आणि पंचम." एवढं मला पेटीमुळे कळत होतं.

"तिसरा आहे. गंधार. तो मी लावलेला नाही, तो आपला आपण येतो."

मला काही ऐकू आलं नाही, तसं मी सांगितलं. त्यांना वाईट वाटलं नाही. म्हणाले, "तू तार ऐकतेस. तार जोरात असते, तिला ऐकायला काय लागतं? तिला जाऊ दे. ती गेल्यानंतर जे राहतं ते ऐक."

हा गंधार काही गूढ नाही. खर्जाची तार जेवढी कंप पावते त्याच्या पाचपट कंपनांचा एक स्वर तिच्यातच असतो, आणि तोच दोन सप्तकं वरचा गंधार. जवारी चांगली असेल तर तो ठळक होतो. याच भागात, सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि साताऱ्याचे न्यायाधीश क्लेमेंट्स यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्रुतींची मोजमापं केली आणि त्या कामात त्यांना खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याचा आधार मिळाला. हे सगळं मी पुढे वाचलं. त्या काळात मला फक्त एवढंच कळत होतं, की चाचांना जे ऐकू येतं ते मला येत नाही.

आता उरुसाच्या त्या दिवसाबद्दल.

उरूस चांद्र महिन्यांवर चालतो, म्हणून दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. त्या वर्षी तो नेमका आमच्या परीक्षेच्या तोंडावर आला होता. ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेबांच्या दर्ग्याचा हा उरूस म्हणजे सगळ्या मिरजेचा. त्यात चर्मकार समाजाच्या गलेफाला, म्हणजे कबरीवर चढवायच्या चादरीला, मान असतो. आणि उरुसाच्या रात्री दर्ग्याच्या आवारात गाणं होतं. तिकीट नाही, बिदागी नाही, गाणारा हजेरी लावून जातो. चाचा आठवडाभर मला बजावत होते, "या वेळी यायचं. वर्षभर माझ्या कारखान्यात तंबोरा ऐकलास, एकदा तो गाण्याखाली ऐक." मी मान हलवत होते. येणं जमणार नाही, हे मनात ठरलेलं होतं.

उरुसाच्या दिवशी पहाटे पाचला नळाचं पाणी, सहाला लायब्ररीचं दार उघडायच्या आत रांगेत, आठला मेडिसिनचा वॉर्ड. त्या दिवशी सरांनी आम्हाला एका ऊसतोड करणाऱ्या बाईंसमोर उभं केलं. वय माझ्याहून फार जास्त नसावं. थोडं चाललं की धाप, रात्री आडवं झालं की धाप, फडात मोळी उचलताना एकदा थुंकीतून रक्त आलेलं. कडेला नवरा आणि एक लहान मुलगी, तिच्या हातात बिस्किटाचा पुडा. लहानपणी घसा दुखून ताप येतो, सांधे सुजतात, घरची माणसं दोन दिवसांनी विसरून जातात आणि त्या तापाने हृदयाच्या झडपेवर केलेला घाव वर्षानुवर्षं आत वाढत राहतो. मायट्रल झडप आक्रसते. संधिवाताच्या तापाने झालेला हा आजार तेव्हा आमच्या वॉर्डात फार दिसायचा, आणि तो गरिबाघरी जास्त दिसायचा. दाटीवाटीची खोली आणि वेळेवर न मिळालेलं पेनिसिलिन, एवढ्या कारणाने.

"मर्मर ऐका," सर म्हणाले. "डाव्या कुशीवर वळवा, स्टेथोस्कोपची बेल हलकेच टेकवा, दाबू नका."

आम्ही एकेक करून ऐकलं. माझ्या आधीच्या सगळ्यांनी मान डोलावली. मी बराच वेळ थांबले. ठोके स्पष्ट होते, पहिला ठोका तर छातीवर आपटल्यासारखा होता. पण दुसऱ्या ठोक्यानंतरच्या विसाव्यात जी खोल गडगड असायला हवी होती, ती मला सापडेना. वॉर्डात ट्रॉलीचा खडखडाट, शेजारच्या खाटेवरचं खोकणं, सिस्टरची हाक.

"नाही ऐकू आली, सर."

सर रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "वॉर्ड शांत झाला की परत येऊन ऐक. ऐकू आल्याशिवाय हो म्हणू नकोस." त्यांच्या या एका वाक्यासाठीही मी त्यांची ऋणी आहे. त्यामुळेच तर दिवसभर ती न ऐकलेली गडगड माझ्या डोक्यात राहिली.

उरलेला दिवस नेहमीसारखा पळाला. लेक्चर, मग दुसरं लेक्चर. मेसमध्ये उभ्याने जेवण. दुपारी प्रॅक्टिकल, त्यानंतर जर्नलवर सही घ्यायला दोन मजले वर आणि दोन मजले खाली. पाचला ब्राह्मणपुरीत दहावीच्या मुलांची शिकवणी, कारण खोलीचं भाडं त्यातूनच निघायचं. संध्याकाळी परत कॉलेजच्या सिव्हिल इस्पितळात, कारण त्या दिवशी आमच्या युनिटचा इमर्जन्सी डे होता. अंकलीच्या बाजूने ट्रॅक्टर उलटून जखमी झालेली माणसं आली. विद्यार्थ्यांचं काम म्हणजे धावणं. मी रक्ताच्या बाटलीसाठी धावले, एक्स-रेसाठी धावले, नातेवाइकांना सही कुठे करायची ते दाखवलं. एका आजीबाईंचा हात धरून नुसती उभीही राहिले, कारण तेवढंच त्या वेळी करता येण्यासारखं होतं. वॉर्ड शांत झालाच नाही. ऊसतोडीच्या त्या बाईंकडे जाता आलं नाही.

रात्री साडेनऊच्या सुमारास निवासी डॉक्टरांनी सांगितलं, "आता जा, जेव, झोप." दोन दिवसांची झोप अंगात साठली होती. कॅज्युअल्टीच्या दाराबाहेर आले, तर चाचांचा नातू सायकलला टेकून उभा. आठवीत होता तेव्हा. आजोबांना तो दादा म्हणायचा.

"दादा बोलावतायत. तंबोरे लागलेत."

"अरे, मी फार दमलेय. उद्या येईन म्हणून सांग."

"दादा म्हणाले, दमली असली तरच घेऊन ये."

या निरोपातल्या "तरच"चा अर्थ मला अजून पुरता उलगडलेला नाही. पण त्या पोराच्या चेहऱ्यावर एवढी खात्री होती, की मी त्याच्यामागे चालू लागले. अंगावर ॲप्रन, खिशात स्टेथोस्कोप. रस्त्याला उरुसाची गर्दी. मेवामिठाईचे ढीग, बांगड्यांच्या हातगाड्या, पाळण्यांचे दिवे, पिपाण्या. दर्ग्याच्या कमानीतून आत गेल्यावर तो गलका मागे पडला.

अब्दुल करीम खाँ मूळ किराणा गावचे, पण मिरजेत राहिले आणि मिरजेचेच झाले. त्यांची मुलगी हिराबाई बडोदेकर 1905 साली इथेच जन्मली. घरात दुखणं आलं तेव्हा खाँसाहेबांनी दर्ग्यात गाऊन सेवा केली आणि दुखणं उतरलं, असं मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. 1937 च्या ऑक्टोबरमध्ये पाँडिचेरीला जाताना मद्रासजवळच्या सिंगपेरुमाळकोविल स्टेशनवर त्यांनी प्राण सोडला. देह मिरजेला आणला आणि दर्ग्याच्या आवारातच त्यांना मूठमाती दिली. चाचा तेव्हा पोरसवदा होते, वडिलांचं बोट धरून त्या गर्दीत गेलेले. खाँसाहेब स्वतः तंबोऱ्याची जवारी काढायला बसत, हे त्यांनी वडिलांकडून ऐकलेलं. ते सांगताना चाचांचा आवाज बदलायचा. एवढ्या मोठ्या गवयाने कारागिराची कानस हातात घेतली, याचा त्यांना घराण्याच्या अब्रूइतका अभिमान होता.

चिंचेच्या झाडाखाली बैठक होती. सतरंजीवर मिरजेची सगळी वस्ती मांडी घालून बसलेली: वकील, हमाल, पेठेतले व्यापारी, बुरख्यातल्या आया, नऊवारीतल्या आज्या. सिव्हिलच्या वॉर्डात सकाळी मी पाहिलेले दोन नातेवाईकही दिसले, रुग्णाला झोपवून आलेले. चाचा समोर बसले नव्हते. ते मंचाच्या कडेला, तंबोऱ्यांच्या मागच्या अंगाला होते. सूर उतरला तर खुंटी आवळायला हात पोचला पाहिजे, म्हणून त्यांची ती ठरलेली जागा. दोन्ही तंबोरे त्यांच्याच हातचे. शेजारी त्यांनी माझ्यासाठी हातरुमाल टाकून जागा धरली होती. चाचींनी मलिद्याची वाटी हातात दिली. "आधी खा," एवढंच बोलल्या.

कर्नाटकातून आलेले एक वयस्क गवई बसले होते. त्यांनी बिहाग धरला. पहिला षड्ज त्यांनी लावला आणि तो लावून बसूनच राहिले. दिवसभर मी ज्या वेगाने धावत होते त्या वेगाला तो षड्ज अजिबात जुमानत नव्हता. माझा श्वास अजून कॅज्युअल्टीतल्या गतीने चाललेला. पोटातला मलिदा, खालची गार फरशी आणि कानाशी दोन तंबोरे, यांनी तो हळूहळू खाली आणला.

इतक्या जवळून चालू मैफिलीतले तंबोरे मी कधी ऐकले नव्हते. कारखान्यात चाचा एक तार छेडून थांबायचे. इथे ते थांबत नव्हते, दोन्ही तंबोऱ्यांचे आवाज एकमेकांत मिसळत सारखे फिरत होते. मी इतकी दमले होते की लक्ष देऊन ऐकण्याची ताकदच उरली नव्हती. पंचम आला, गेला. जोडी आली, गेली. मी कशालाच धरलं नाही. आणि मग खर्जाच्या पाठीमागून, पण खूप वरून, एक तिसरा स्वर येत असल्याचं जाणवलं. बारीक, सोनेरी म्हणावा असा. तो आत्ता सुरू झाला नव्हता, आधीपासूनच होता. नेमक्या त्याच वेळी बुवांनी बिहागचा गंधार लावला. बिहागमध्ये गंधार वादी, सगळ्या रागाचा भार त्याच्यावर. त्यांचा गंधार तंबोऱ्यांच्या गंधारावर बरोबर जाऊन बसला आणि गळा कुठे संपतो, लाकूड कुठे सुरू होतं, हे कळेनासं झालं.

मी चाचांकडे वळले. ते माझ्याकडेच बघत होते.

"आला?"

"आला."

पुढे काही बोलले नाहीत. पुन्हा तंबोऱ्यांकडे तोंड करून बसले. बिहाग तासाहून अधिक चालला, त्यानंतर आणखी दोघांची हजेरी झाली. मी मध्येच उठून गेले नाही. खाँसाहेबांच्या गायकीबद्दल एक गोष्ट मी तेव्हापासून मानत आले आहे: तिथे स्वराला वाट करून दिली जाते, त्याला ओढून आणलं जात नाही. संगीताचे जाणकार याहून नेमकं बोलतील. मला त्या रात्री कळलं ते एवढंच.

गर्दी पांगली तेव्हा चाचांनी तंबोऱ्यांना गवसण्या घातल्या. खिशातला स्टेथोस्कोप बाहेर लोंबत होता. तो पाहून त्यांनी विचारलं, "यात काय ऐकू येतं?" मी सकाळची गोष्ट सांगितली. ठोके ऐकू येतात, त्यांच्या मधली गडगड नाही. त्यांनी नळी हातात घेतली, डबीची बाजू उलटसुलट पाहिली, आणि म्हणाले, "ठोका जोरात असेल ना? मग त्याला जाऊ दे."

दुसऱ्या दिवशी लगेच काही घडलं नाही. वॉर्ड तसाच गजबजलेला होता. त्यानंतरच्या संध्याकाळी, भेटीची वेळ संपल्यावर, मी त्या बाईंना विचारून त्यांच्या खाटेशी बसले. त्या डाव्या कुशीवर वळल्या. बेल टेकवली. पहिला ठोका, दुसरा ठोका. त्यांना धरलं नाही. मग ते होतं. खालच्या पट्टीतलं, कानापेक्षा बोटांना आधी कळावं असं, आणि पुढच्या ठोक्याच्या अलीकडे किंचित चढणारं. एकदा सापडल्यावर ते जाईना. मी किती वेळ ऐकत बसले ते आठवत नाही. बाई म्हणाल्या, "काय वो डॉक्टर, लई वाईट हाय का?" मी म्हटलं, "नाही ताई, आता नीट कळलंय. झडप उघडता येते." त्यांना मुंबईला पाठवलं. झडप मोकळी करून त्या परत तपासणीला आल्या तेव्हा मुलगी कडेवर होती आणि त्या स्वतः जिना चढून आल्या होत्या.

त्यानंतरच्या वर्षांत असे आवाज मी पुष्कळ ऐकले, ऐकवलेही. इकोकार्डिओग्राफी आल्यावर कानाची गरज उरली नाही, असं म्हणणारे सहकारी भेटतात. मला ते पटत नाही. यंत्र जिथे नसतं अशा जागा आपल्याकडे अजून फार आहेत, आणि यंत्राकडे कुणाला पाठवायचं हे तरी आधी कानानेच ठरतं. नव्या मुलांना मी सांगते ते चाचांचंच वाक्य असतं. जोरात असेल त्याला जाऊ द्या.

एमडी होऊन नोकरी लागली, हातात चार पैसे आले, तेव्हा मी पाकीट घेऊन कारखान्यात गेले. म्हटलं, "चाचा, मला एक तंबोरा करून द्या. पुरती किंमत घ्यायची."

"गाणार कोण?"

"कुणी नाही. घरात ठेवीन."

त्यांनी कानस खाली ठेवली. "ठेवलेला तंबोरा मरतो बेटा. भोपळ्याला रोज आवाज लागतो." पाकीट त्यांनी परत सरकवलं. मला वाईट वाटलेलं त्यांना दिसलं असावं. थोड्या वेळाने म्हणाले, "असं कर. लाकडाचे आणि भोपळ्याचे पैसे दे. हात माझा. तंबोरा इथेच राहील. शिकणारी मुलगी आली, आणि तिला घेणं परवडणारं नसलं, तर मी तिला देईन. शिकून झालं की ती परत आणून ठेवील. मग दुसरीला."

तसंच झालं. स्वतःसाठी वाद्य घ्यायला निघालेल्या मला त्यांनी दुसऱ्याच कुणाची तरी धनको करून सोडलं आणि माझं देणं होतं तसंच ठेवलं. मी तेव्हा रागावले होते. आता त्यांची रीत मला फार मोठी वाटते.

चाचांना उतारवयात धाप लागू लागली. आयुष्यभराचा भुसा आणि चपडा. औषधांनी उतार पडायचा, पुन्हा चढायची. शेवटच्या वर्षी मी त्यांच्या छातीला स्टेथोस्कोप लावायची, तेव्हा ते श्वास धरून विचारायचे, "काय ऐकू येतं?" मी खरं सांगायची. त्यांना खोटं सांगणं शक्यच नव्हतं, कारण आपला श्वास त्यांना माझ्याआधी ऐकू येत असे. पावसाळ्यात, घरीच, ते गेले. त्यांच्या हातचे तंबोरे दर्ग्यात त्या वर्षीही लागले.

कारखाना आता तो सायकलवाला नातू चालवतो. मोबाइलमधला तानपुरा फुकट मिळतो, त्यामुळे गिऱ्हाईक कमी झालंय. तुणीचं लाकूड महागलंय आणि कारागिरांची पोरं दुसऱ्या कामाला लागलीत. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा त्याने मला मुद्दाम फोन केला. मी विचारलं, "आपला तंबोरा कुठे आहे?"

"जयसिंगपूरच्या एका मुलीकडे. नर्सिंगला आहे, संध्याकाळी गाणं शिकते. परवाच जवारी काढून नेली."

"पैसे घेतलेस?"

"दादांनी वहीत लिहून ठेवलंय ना, त्या तंबोऱ्याचे घ्यायचे नाहीत," तो म्हणाला. "पण ती विचारत होती, हा कुणी दिलाय म्हणून. मी तुमचा नंबर दिलाय."